गावाजवळ काळ्या दगडाची खाण येतेय आणि बाजूलाच राखीव जंगल आहे, विरोध नेमका कुठे करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की गाव दोडामार्ग तालुक्यात, डोंगराच्या पोटात काळ्या दगडाची खाण आणि क्रशर येणार म्हणून कळलंय, क्षेत्र ४.९० हेक्टर, पलीकडे लगेच तिलारीचं राखीव जंगल, तुम्ही स्वतः मुंबईला, गावच्या ग्रुपवर दिवसभर मेसेज आणि येत्या रविवारी रास्ता रोको करायचं घाटतंय, तर त्याने खाण थांबेल का.

नाही थांबणार. रास्ता रोकोने पेपरात फोटो येईल, चार पोरांना पोलिसांची प्रतिबंधक नोटीस येईल (पूर्वी कलम १४९ ची यायची, आता नवीन कायद्यात ती १६८ ची झालीय) आणि खाणीची फाईल होती तिथून पुढच्या टेबलावर जाईल. आंदोलन करू नका असं नाही म्हणत, पण ते कधी करायचं ते फाईल कुठे आहे त्यावर ठरतं. मी आधी बरीच वर्षं खाणवाल्यांसाठीच मायनिंग प्लॅन (खाण कशी आणि किती खोदणार त्याचा आराखडा) बनवायचो, आता गावांसाठी तेच प्लॅन वाचून देतो, त्यामुळे दोन्हीकडनं बघितलंय. अशी खाण अडते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, अर्जदाराने स्वतः भरून दिलेल्या फॉर्ममध्ये. बाकी सगळं त्याला पूरक.

फाईलचा प्रवास साधारण असा असतो. जिल्हा खनिकर्म शाखेत अर्ज, तिथून आशयपत्र (पट्टा द्यायची तयारी असल्याचं पत्र), मग मायनिंग प्लॅनला मंजुरी, मग पर्यावरण मंजुरी जी राज्यस्तरीय पर्यावरण प्राधिकरण देतं, मग प्रदूषण मंडळाची संमती, आणि शेवटी कलेक्टर खाणपट्ट्याचा करार करतात. लहान खाणीला पर्यावरण मंजुरी लागत नाही असं अजून तलाठ्यापासून सरपंचापर्यंत बरेच जण छातीठोकपणे सांगतात, ते चूक आहे, फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दीपक कुमार केसमध्ये सांगून टाकलंय की पाच हेक्टरखालच्या गौण खनिजालाही (दगड, वाळू वगैरे) ती लागते. आणि हा अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर टाकावा लागतो, तो कुणालाही बघता येतो, लॉगिन नको काही नको. तुमचं पहिलं काम हे. अर्ज शोधा, फॉर्म, प्री-फिजिबिलिटी रिपोर्ट (प्राथमिक व्यवहार्यता अहवाल), मायनिंग प्लॅन आणि केएमएल फाईल उतरवून घ्या. केएमएल गूगल अर्थवर उघडली की खाणीची हद्द सरळ डोंगरावर उमटते, आणि तिथे कधी कधी अशी गंमत दिसते की कागदावरचा सर्व्हे नंबर एक आणि नकाशावरचे कोपरे शेजारच्याच जमिनीत किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे.

आता तो फॉर्म नीट वाचा. त्यात विचारलेलं असतं की आसपास अभयारण्य आहे का, किती अंतरावर, पाण्याचे स्रोत कोणते, वस्ती किती लांब, झाडं किती तोडणार, कोर्टात काही प्रकरण चालू आहे का. आणि उत्तरं? "निरंक", "निरंक", "लागू नाही". फॉर्म भरणारा कन्सल्टंट पुण्या-नागपुरात बसलेला असतो, आधीच्या खाणीच्या फॉर्मवरून कॉपी करतो, एकदा तर मी कोकणातल्या फॉर्ममध्ये मुख्य पीक ज्वारी वाचलंय. हसू नका, ह्याच्यातच तुमची ताकद आहे, कारण २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेत स्पष्ट आहे की महत्त्वाची माहिती लपवली किंवा खोटी दिली तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते. म्हणजे "आम्हाला खाण नको" हे वाक्य अधिकाऱ्याला बाजूला ठेवता येतं, पण "फॉर्मच्या अमुक रकान्यात झरा निरंक लिहिलाय, हा बघा झरा, हा त्याचा फोटो, हे अक्षांश-रेखांश, ही ग्रामपंचायतीची नळयोजना त्याच्यावर चालते" हे सहजासहजी नाही ठेवता येत.

मग जंगलाचा मुद्दा. इथे गावं सगळ्यात जास्त घोटाळा करतात. राखीव जंगल, अभयारण्य, संवर्धन राखीव, इको सेन्सिटिव्ह झोन (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा), सगळं एकाच पिशवीत टाकतात आणि निवेदनात लिहितात "अभयारण्यालगत खाण". कायद्याला ह्या सगळ्या वेगळ्या गोष्टी आहेत. सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२३ ला जे सांगितलंय ते राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य ह्यांच्याबद्दल आहे, त्यांच्या आत आणि हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम चालणार नाही. तिलारी हे अभयारण्य नाही, ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, जून २०२० मध्ये जाहीर झालेलं, साधारण २९.५ चौरस किलोमीटरचं. त्याला ही एक किलोमीटरची ढाल आपोआप मिळत नाही. समोरच्याचा वकील पहिल्याच तारखेला हे दाखवून देईल आणि तुमचं अख्खं निवेदन पोकळ वाटायला लागेल, म्हणून आधीच नीट लिहा.

पण हिरमुसू नका, तुमच्या तालुक्याच्या सीमेपलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्य आहे, पलीकडे कर्नाटकात भीमगड. राज्याची हद्द बदलली म्हणून अंतर बदलत नाही. खाणीच्या सगळ्यात जवळच्या कोपऱ्यापासून अभयारण्याच्या हद्दीपर्यंत सरळ रेषेत मोजा, रस्त्याने नाही. महाराष्ट्रातल्या फॉर्ममध्ये शेजारच्या राज्यातलं अभयारण्य हमखास विसरलेलं असतं. एक किलोमीटरच्या आत निघालं तर विषय जवळपास संपला, बाहेर निघालं तरी अंतर चुकीचं दाखवलंय हा मुद्दा हातात राहतो.

दुसरं, सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉर. राधानगरी आणि भीमगड ह्यांच्यामधला हा वन्यजीवांचा पट्टा. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ मध्ये ह्या भागाबद्दल जे म्हटलं होतं ते पुढच्या कस्तुरीरंगन समितीच्या इको सेन्सिटिव्ह गावांच्या यादीत उतरलं नाही, दोडामार्ग बाहेर राहिला, त्यावरून हायकोर्टात केस गेली. २०१३ मध्येच कोर्टाने दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीवर बंदी घातली, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने केंद्राला सांगितलं की ह्या पट्ट्यातली २५ गावं इको सेन्सिटिव्ह म्हणून जाहीर करा, चार महिन्यांत. तुमचं गाव त्या पंचवीसात आहे का ते आजच्या आज बघा. असेल तर फॉर्ममधल्या "कोर्टात प्रकरण आहे का" आणि "झाडं किती तोडणार" ह्या दोन रकान्यांसमोर काय लिहिलंय ते बघा. डोंगर फोडायचा म्हणजे आधी वरची झाडी काढायची, मग "झाडं निरंक" कसं काय? एवढा एक प्रश्न लेखी विचारा.

४.९० हा आकडा बघून मला जराही आश्चर्य वाटलं नाही. पाच हेक्टरच्या आत राहिलं की जनसुनावणी नाही, सविस्तर ईआयए नाही, म्हणून जिकडेतिकडे ४.८०, ४.९०, ४.९५ असे अर्ज. पण ह्याला एक आडकाठी आहे, क्लस्टर. एका खाणपट्ट्याच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत त्याच प्रकारच्या खनिजाचा दुसरा पट्टा असेल तर क्षेत्र एकत्र धरायचं, आणि एकूण पाचच्या वर गेलं तर जनसुनावणी लागते. तेव्हा शेजारच्या डोंगराला जुनी खाण आहे का, तिचा पट्टा अजून जिवंत आहे का, त्याच माणसाने भावाच्या बायकोच्या नावाने बाजूचाच गट घेतलाय का, हे खनिकर्म शाखेतून माहितीच्या अधिकारात काढा. उत्तराची वाट बघत बसण्यापेक्षा फाईलची पाहणी करायची म्हणून अर्ज करा, समोर बसून फाईल चाळायला मिळते आणि नोटशीटवर कुणी काय शेरा मारलाय तेही दिसतं, सगळ्यात कामाचं तेच असतं.

पाण्यावर मी जास्त बोलणार, कारण माझ्या मते तुमच्या भागात खरी केस पाण्याचीच आहे, वाघ-हत्तीची दुसरी. आपल्याकडे वर जांभा, त्याच्याखाली शेडी माती, मग खाली कठीण कातळ. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, खाली मातीने आणि कातळाने अडतं आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. कुळागरं (सुपारीच्या बागा), पाटाचं पाणी, उन्हाळ्यातली विहीर, सगळं त्याच्यावर. खाण हे थर उभे कापते. पाणी मग झऱ्याकडे न जाता खड्ड्यात उतरतं आणि खाणवाला ते पंपाने उपसून व्हाळात सोडतो, गढूळ. मायनिंग प्लॅनमध्ये वर्षाला किती दगड काढणार ते लिहिलेलं असतं. समजा ३०,००० ब्रास. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर, म्हणजे झाले जवळपास ८५,००० घनमीटर, ४९,००० चौरस मीटरच्या पट्ट्यात. फोडलेला दगड फुगतो ते धरलं तरी वर्षाला सव्वा ते पावणेदोन मीटर खोली, दहा वर्षांत बारा ते सतरा मीटर, आणि कडेने साडेसात मीटरची पट्टी सोडावी लागते म्हणून प्रत्यक्षात मध्ये ह्याहूनही खोल. आता तुमचा झरा खाणीच्या जागेपेक्षा किती मीटर खाली आहे ते मोबाईलच्या जीपीएसवर नाही, ते उंचीला भरवशाचं नसतं, साध्या लेव्हल ट्यूबने किंवा सर्व्हेअर आणून मोजा. खड्ड्याचा तळ झऱ्याच्या खाली जाणार असेल तर ह्याहून मोठा मुद्दा तुमच्याकडे दुसरा नाही.

आणि झरा मोजा. दहा लिटरची बादली धरा, मोबाईलवर वेळ लावा. चाळीस सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. माणशी ५५ लिटर हा जलजीवनचा हिशोब लावला तर ३९० माणसांचं पाणी. हे मार्चपासून मेअखेरपर्यंत दर पंधरवड्याला, तारीख टाकून, शाळेतल्या मास्तरांची किंवा आशाताईंची सही घेऊन. विहिरींची पातळी दोरीने. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांची मोजमापं जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरला होतात, तुमच्या जवळच्या विहिरीची जुनी मोजमापं मागून घ्या. एकदा हे कागद झाले की उद्या खाण सुरू झालीच आणि झरा आटला तरी "तो आधीपासूनच आटायचा" असं कुणी म्हणू शकत नाही.

पाण्याबरोबर चिखलही. कळण्याला लोहखनिजाच्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि चिखलपाणी गावात शिरलं, हे तुमच्याच तालुक्यातलं. ती मोठी खाण, वेगळं खनिज, वेगळे नियम, त्यामुळे दोन्ही सारखंच असं लिहू नका, पण मायनिंग प्लॅनमध्ये वरची माती कुठे रचणार आणि पावसात ती कशाने अडवणार हे विचारताना कळण्याचं उदाहरण द्यायला काहीच हरकत नाही. आपल्या पावसाला कागदावरची दोन फुटी गटारं पुरत नसतात.

हत्तींचं काय? २००२ पासून कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरतायत, तिलारी खोरं त्यांच्या पायाखालचं. गाववाले निवेदनात लिहितात "आमच्याकडे हत्ती, वाघ, ब्लॅक पँथर आहेत" आणि पुरावा काय तर व्हॉट्सॲपचा व्हिडिओ, तोही कुठला कोण जाणे. अरे, पुरावा तुमच्याच घरात आहे. केळी-सुपारी मोडली म्हणून वनखात्याकडे नुकसानभरपाई मागितली होती ना, वनरक्षकाने येऊन पंचनामा केला होता ना, पैसे खात्यात आले होते ना? मग ती सरकारनेच दिलेली कबुली आहे की अमुक तारखेला अमुक सर्व्हे नंबरमध्ये हत्ती होता. गेल्या दहा वर्षांतले गावातले सगळे पंचनामे गोळा करा, नकाशावर टिंबं मारा, खाणीची हद्द वर ठेवा. ह्याला कुठल्या संस्थेचा रिपोर्ट लागत नाही. गुरं मारल्याची भरपाई असेल तर तीही घ्या, बिबट्या-वाघाचं त्यात येतं. गावात जायफळाच्या जातीची राई, दलदल, देवराई असं काही असेल तर त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत आहे का बघा, बांबर्डे-हेवाळ्याची दलदल २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाली ती लोकांनी दाखवून दिली म्हणूनच.

डंपरचा हिशोब ग्रामसभेत फळ्यावर मांडा, तो सगळ्यांना कळतो. तेच ३०,००० ब्रास, पावसाळा सोडून २४० दिवस, दिवसाला १२५ ब्रास, डंपरमध्ये चार, म्हणजे ३१ भरलेले आणि ३१ रिकामे परत येणारे, दहा तासांत दर दहा मिनिटांनी एक डंपर शाळेसमोरून. जे तरुण म्हणतात रोजगार येईल त्यांनाही हे ऐकू द्या. आणि ब्रासला ६०० रुपये रॉयल्टी धरली तर सरकारला वर्षाला १ कोटी ८० लाख, म्हणून वरच्या टेबलांना ही फाईल आवडते, त्यात वैयक्तिक काही नसतं.

सुरुंगांबद्दल एवढंच की कंपनाला मर्यादा आहे, साध्या घरांसाठी कमी फ्रिक्वेन्सीला सेकंदाला ५ मिलिमीटर, हे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे. मातीच्या, चिऱ्याच्या घरांचे भिंतीभिंतीचे फोटो आत्ताच काढून ठेवा, देवळाचेही. भेगा नंतर दाखवून उपयोग नसतो.

आता तुमचं स्वतःचं, म्हणजे चाकरमान्यांचं काम. कोकणातला सातबारा सामायिक असतो, एका गटात चाळीस नावं, त्यातली पंचवीस मुंबईत, पाच वारलेली आणि वारस लागलेले नाहीत. खासगी जमिनीत खाण म्हटली की कब्जेदारांची संमती लागते आणि ती बऱ्याचदा एका काकांच्या कुलमुखत्यारपत्रावर उरकलेली असते. परळला, डोंबिवलीला, विरारला बसलेल्या हिस्सेदारांना भेटा, कुणी सही केली, कुणी केली नाही, कुणाची सही परस्पर झाली, ते विचारा. एका हिस्सेदाराने जरी "माझी संमती नाही, वाटप झालेलं नाही" असं कलेक्टरला नोंदणीकृत टपालाने कळवलं तरी करार करताना त्यांना थांबून विचार करावा लागतो. गावात राहून हे होत नाही, ते मुंबईतच होतं.

ग्रामसभेचा ठराव घ्याच, पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको. सिंधुदुर्ग पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात येत नाही, गडचिरोली किंवा पालघरसारखी गौण खनिजाला ग्रामसभेची आधी शिफारस लागतेच असं इथे म्हणता येत नाही. त्यामुळे "ग्रामसभा सर्वानुमते तीव्र विरोध करते" एवढ्यावर थांबू नका, ठरावातच झऱ्याचा आकडा, पंचनाम्यांची यादी, शाळेचं अंतर, फॉर्ममधल्या चुकांचे रकाने सगळं लिहा, म्हणजे तो ठराव पुढे कोर्टात पुरावा म्हणून चालतो. आणि बघा, सहा महिन्यांपूर्वी आधीच्या बॉडीने ना हरकत देऊन टाकलेली नाही ना? प्रोसिडिंग बुक मागा. असं निघालं तर सरपंचाच्या घरावर मोर्चा नेऊ नका, नव्या ग्रामसभेत ती मागे घ्यायचा ठराव करा, कारणांसकट.

क्लस्टरमुळे जनसुनावणी लागलीच तर तीस दिवस आधी नोटीस निघते आणि कलेक्टर किंवा अप्पर कलेक्टर समोर असतात. तिथे घोषणा देऊन सभात्याग करणारी गावं मी खूप बघितली, खुर्च्या फेकल्या की इतिवृत्तात येतं "कोणतीही तांत्रिक हरकत आली नाही". कोरमची अट नसते, तुम्ही गेलात तरी सुनावणी झालीच धरतात. बसून राहा. दहा माणसांनी दहा वेगळे प्रश्न लेखी द्या, पोच घ्या, बाईमाणसांना पाण्याबद्दल बोलू द्या, त्यांना जे माहीत असतं ते कन्सल्टंटच्या बापाला माहीत नसतं. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवायचं असतं, ते मराठीत वाचायला लावा.

गावातल्या ज्यांनी जमीन दिली त्यांना गद्दार वगैरे म्हणू नका बरं का. कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाचं कर्ज. आणि खडी आपल्यालाही लागतेच, तुमचं मुंबईचं घर काय मातीचं आहे? "खाण नकोच" ह्यापेक्षा "ह्या झऱ्याच्या डोक्यावर नको, ह्या हत्तीच्या वाटेवर नको" हे जास्त टिकतं, आणि जमीन दिलेला माणूसही उद्या तुमच्या बाजूने बोलू शकतो.

एवढं करूनही मंजुरी मिळाली तर तारीख लिहून ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला तीस दिवस, उशिराचं सबळ कारण दिलं तर पुढे आणखी साठ, त्यानंतर एक दिवसही नाही. चांगली केस फक्त ह्याच्यापायी गेलेली बघवत नाही, मंजुरी पोर्टलवर पडलेली असते आणि गावाला जेसीबी आल्यावर कळतं. म्हणून एका कुणाला तरी, शक्यतो मुंबईतल्याच, दर सोमवारी परिवेश उघडून बघायचं काम नेमून द्या. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, नुकसानभरपाई मागत नसाल तर फी १,००० रुपये, वकील चांगला घ्या पण कागद तुमचेच लागतील.

आणि समजा खाण सुरूच झाली, तर अटींची यादी मंजुरीतच असते, तिची प्रिंट काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. अर्जदाराला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, तो मागा, तुमच्या झऱ्याच्या वहीशी ताडून बघा. खड्ड्याची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक सर्व्हे यंत्राने केलेली) मोजणी मागा, परवान्यापेक्षा जास्त काढलं असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि तो तहसीलदारांकडे लेखी तक्रार दिल्याशिवाय सहसा कुणी स्वतःहून लावत नाही.